देव्हाऱ्यातली मोटारसायकल

जुन्या मोटारसायकलीविषयी आपल्या सुशिक्षित समाजात सध्या दोनच मते प्रचलित आहेत, आणि गंमत अशी की ती परस्परविरोधी असूनही शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. पहिले मत असे की, पंधरा वर्षांवरील वाहन म्हणजे धुराचे आगर. त्याचे चार पैसे येत असतील तर ते भंगारात द्यावे आणि मोकळे व्हावे. दुसरे मत असे की, हा आपला यांत्रिक वारसा आहे. त्याला मूळचा रंग द्यावा, क्रोमचा मुलामा चढवावा, मऊ कापडाने झाकून ठेवावे आणि वर्षातून एकदा मेळाव्याला न्यावे. पहिला पक्ष तिला स्मशानात पाठवतो, दुसरा देव्हाऱ्यात बसवतो. रोज सकाळी किक मारून तिच्यावरून कचेरीला जावे आणि परतताना हँडलला भाजीची पिशवी अडकवावी, असे म्हणणारा तिसरा पक्ष जवळजवळ अस्तित्वातच नाही. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या पक्षाच्या वतीने लिहिला आहे.

आधी विषयाची मर्यादा सांगतो. मी येथे टू-स्ट्रोक मोटारसायकलीविषयी बोलतो आहे. म्हणजे ज्या इंजिनात दट्ट्याच्या दोनच धावांत, एकदा वर आणि एकदा खाली, शक्तिनिर्मितीचे सारे चक्र पुरे होते आणि ज्यात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जळून जाते, त्या यंत्राविषयी. आपल्या पिढीला ह्या यंत्राची ओळख करून द्यावी लागत नाही. गावोगाव दुधाच्या किटल्या वाहणारी राजदूत, आकुर्डीहून निघून घराघरांत पोहोचलेली बजाजची चेतक स्कूटर, १९८५ पासून दहा-अकरा वर्षे कॉलेजच्या पोरांचा जीव की प्राण होऊन बसलेली यामाहा आरएक्स-१००, ही सारी त्याच कुळातली. मराठीने मोटारसायकलीला ‘फटफटी’ हे नाव फार पूर्वीच देऊन टाकले. कोशकारांना न विचारता लोकांनी घडवलेल्या उत्तम शब्दांपैकी तो एक आहे.

मी नोकरीनिमित्त ज्या शहरात राहतो त्या म्हैसूरला ह्या कुळाची एक थोर शाखा नांदत होती. फ्रांतिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने १९२९ साली ‘वाँडरर’ ह्या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि आपल्या व तिच्या नावाची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी त्याच कंपनीशी करार करून म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’चा कारखाना उभारला आणि १९६१ पासून तेथून जावा बाहेर पडू लागल्या. पुढे सत्तरीच्या दशकात ‘येझदी’ हे नाव आले. १९९६ साली कारखान्याला टाळे लागले. जयचामराज वडियार यांच्या नावातली पहिली अक्षरे घेऊन ‘जावा’ झाले, असे जुने म्हैसूरकर आजही थट्टेने सांगतात. ती व्युत्पत्ती खोटी असली तरी त्यामागची माया खरी आहे. २०१८ मध्ये जावा हे नाव आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले, परंतु त्या गाड्या चार धावांच्या इंजिनाच्या. त्यांचा ह्या लेखाशी संबंध नाही.

माझ्याकडे १९८६ सालची येझदी आहे. सरस्वतीपुरमहून कचेरीपर्यंत आणि परत, असा तिचा नित्यक्रम. ती उभी करण्यासाठी रंग व चकचकीत भाग सोडून मला एका महिन्याच्या पगाराहून थोडा अधिक खर्च आला. सिलेंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवला, क्रँकचे बेअरिंग आणि सील बदलले, क्लचच्या प्लेटा बदलल्या, वायरिंग नवे केले, टाकीतला गंज काढला. रंग जुनाच ठेवला. हे सांगण्याचे कारण आत्मस्तुती नव्हे. हा खर्च कारकुनाच्या आवाक्यातला आहे आणि हे काम गल्लीतल्या मिस्त्रीच्या हातचे आहे, एवढेच मला दाखवायचे आहे. जीर्णोद्धार हा श्रीमंतांचा छंद आहे, ही समजूत ज्यांनी पसरवली त्यांच्याकडे आता वळतो.

ह्या देव्हारा-पक्षाचे कार्य असे. कोठे तरी खेड्यात, गोठ्याच्या आडोशाला पडलेली गाडी शोधायची. ती घासाघीस करून घ्यायची. मग कारखान्यातूनही कधी निघाला नसेल असा आरशासारखा रंग तिला द्यायचा, टाकीवरच्या सोनेरी रेघा निष्णात चित्रकाराकडून ओढून घ्यायच्या, मूळ कंपनीचा शिक्का असलेला एकेक स्क्रू चढ्या दराने मिळवायचा. आणि एवढे सगळे झाल्यावर धूळ लागेल, ओरखडा पडेल म्हणून ती रस्त्यावर काढायची नाही. बंगळुरूच्या काही उपाहारगृहांत तर नुसती टाकी भिंतीवर टांगलेली असते. पूर्वीचे संस्थानिक वाघाचे मुंडके टांगत, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की वाघ निदान शिकारीनंतर टांगला जाई. येथे जिवंत होऊ शकणारे जनावर टांगलेले असते.

यावर कोणी म्हणेल, ज्याची वस्तू त्याची हौस; तुमचे काय जाते? दोन गोष्टी जातात. पहिली ही की, जे सुटे भाग रोज धावणाऱ्या गाडीला लागतात तेच हौशी मंडळी साठवून ठेवतात आणि भाव चढवतात. दुसरी गोष्ट यांत्रिक आहे, आणि माझ्या मते ती निर्णायक आहे. टू-स्ट्रोक इंजिन उभे ठेवल्याने जपले जात नाही. उभे ठेवल्यानेच ते मरते. चार धावांच्या इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा असतो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तसा काही साठा नसतो. पेट्रोलबरोबर जे तेल धुक्यासारखे आत जाते, तेवढ्यावरच क्रँकची बेअरिंगे आणि कनेक्टिंग रॉड जगतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेलाचा थर निथळतो, हवेतली ओल आत शिरते, आणि बेअरिंगच्या गुळगुळीत पोलादावर गंजाचे खड्डे पडतात. रबरी सील कडक होतात. कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत पेट्रोलचा चिकटा बसतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणजे टाकीतल्या गंजाला निमंत्रणच. ते पेट्रोल ताजे असताना जाळून टाकावे, मुरत ठेवू नये. तेव्हा ज्याला ‘जतन’ म्हणून मिरवले जाते तो वस्तुतः सावकाश केलेला नाश आहे. वर रंग चकाकतो आणि आत यंत्र कुजते.

हेच शहाणपण मला प्रथम एका वृद्ध मिस्त्रींनी शिकवले. गाडी ताब्यात देताना ते म्हणाले, “इसकू खडी नक्को रखो साब, खडे-खडे मर जाती.” मी त्यांना म्हटले, “भाईसाब, रोज चलाऊंगा,” तेव्हा कुठे त्यांनी किल्ली दिली. दख्खनीतला हा ‘नक्को’ म्हणजे आपलाच ‘नको’. घरापासून इतक्या दूर, तेलाने काळ्या झालेल्या बाकावर आपल्या भाषेचा एक शब्द असा अवचित भेटला, याचे महत्त्व बदलीच्या नोकरीतल्या वाचकाला मी समजावून सांगायला नको.

देव्हारा-पक्षाची ही वृत्ती खाजगी छंदापुरती राहिली असती तर तिच्यावर इतकी शाई खर्च केली नसती. परंतु २०२१ मध्ये तिला राजमान्यता मिळाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्या वर्षी ‘व्हिंटेज’ वाहनांचे एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. प्रथम नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना त्याखाली वेगळी नोंदणी आणि वेगळी क्रमांकपट्टी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तिची मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाचे ५,००० रुपये. येथवर तक्रार नाही. परंतु त्याच प्रकरणात अशी अट आहे की, असे वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, संशोधन, मेळावा, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी त्याने बाहेर पडावे. म्हणजे शासन वाहनाला म्हणते, तुझा सन्मान करतो, पण तू पुन्हा कामाला येऊ नकोस. सन्मान आणि सेवानिवृत्ती एकाच कागदावर देण्याची ही युक्ती आपण सर्वांनी निरोप-समारंभांत पुष्कळ पाहिली आहे. शाल मिळते, नारळ मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावरचा शिपाई ओळख विचारतो.

जर्मनीने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तेथे १९९७ पासून तीस वर्षांवरील वाहनाला ‘एच’ अक्षराची क्रमांकपट्टी मिळू शकते. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत आहे की नाही, याची जाणकाराकडून तपासणी होते. त्या तपासणीत ते उतरले, की रोजच्या वापराला मज्जाव नाही. कर ठरावीक असतो आणि इतर वाहनांना जेथे धुरामुळे बंदी आहे अशा शहरी भागांतही त्या वाहनाला वाट मिळते. जर्मन लोक यंत्रांच्या बाबतीत भाबडे आहेत, असे कोणी म्हणणार नाही. वारसा आणि वापर यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्याला मात्र दिसला.

आता स्मशान-पक्ष. ह्या पक्षाचा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि त्याला उत्तरही गंभीरपणे दिले पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दिल्लीत पंधरा वर्षांवरील वाहनांना आणि २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना रस्ता बंद केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि २०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयापुढे आला. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपुष्टात आणण्यात आली. खाजगी वाहनांच्या बाबतीत मार्ग शुल्काचा आहे. पंधरा वर्षांवरील मोटारसायकलीच्या नोंदणी-नूतनीकरणाला पूर्वी ३०० रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून १,००० पडू लागले. आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारसायकलीसाठी ते २,००० करण्यात आले. ह्या सर्वांच्या मुळाशी एकच गृहीत आहे: वय वाढले की धूर वाढतो.

दिल्लीची हवा मी दोन हिवाळे अनुभवली आहे. तेव्हा तेथल्या न्यायाधीशांच्या चिंतेची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. टू-स्ट्रोक इंजिनाचा दोषही मला झाकायचा नाही. तो दोष त्याच्या रचनेतच आहे. नवे मिश्रण सिलेंडरमध्ये येते आणि जळालेला वायू बाहेर पडतो, ह्या दोन्ही क्रिया काही क्षण एकाच वेळी चालतात. त्या क्षणांत न जळलेल्या मिश्रणाचा चौथा-पाचवा हिस्सा तसाच बाहेर निसटू शकतो. पाकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एका दाराने शिधा येत असताना दुसऱ्या दाराने थोडा वाया जातो. एवढ्याचसाठी जगभर हे इंजिन मोटारसायकलीतून मागे पडले. आपल्याकडे १९९१, १९९६ आणि २००० साली धुराचे नियम क्रमाने कडक होत गेले आणि कारखानदारांनी ते सोडून दिले. नव्या टू-स्ट्रोक गाड्या पुन्हा लाखांनी काढा, असे मी म्हणत नाही. कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही.

परंतु हा दोष जन्मजात आहे, वयाचा नाही. हा भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण नियम वयावर बेतला आहे. वयाबरोबर जो धूर वाढतो त्याची कारणे वेगळी, मोजकी आणि दुरुस्त होण्यासारखी आहेत. क्रँकच्या क्लचकडच्या बाजूचे सील कडक झाले, की इंजिन तिकडचे घट्ट तेल आत ओढते आणि मागे पांढरा लोट सोडते. लोक म्हणतात, गाडी म्हातारी झाली. वस्तुतः एक रबरी कडे म्हातारे झालेले असते आणि त्याची किंमत एका साध्या जेवणाएवढी असते. दुसऱ्या बाजूचे सील गेले, की हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, पिस्टन तापून जाम होतो. सायलेन्सरच्या आतल्या जाळीत काजळी साचली, की गाडी दम टाकते आणि पेट्रोल पिते. पॉइंटमधले अंतर चुकले, की ठिणगी अवेळी पडते. आणि सर्वांत मोठे कारण तेल. लिटरमागे चाळीस मिली, म्हणजे पंचवीस भागांस एक भाग, असा आपल्याकडचा सर्वसाधारण जुना हिशेब; पण ‘जास्त तेल म्हणजे जास्त आयुष्य’ ह्या समजुतीने लोक अंदाजाने, आणि तेही कसले तरी सुटे तेल ओतीत. दिल्लीत १९९८ च्या अखेरीस सुट्या टू-स्ट्रोक तेलाच्या विक्रीवर बंदी आणली गेली ती ह्याच कारणाने. त्या वेळी शासनाने रोगाचे मूळ ओळखले होते: तेल मोजून द्या, चांगले द्या, धूर कमी होईल. पुढच्या काळात मात्र मापाची जागा जन्मतारखेने घेतली.

माप नाही असेही नाही. ते आपल्या नियमपुस्तकात आहेच. ३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या दुचाकीच्या धुरात, इंजिन जागच्या जागी चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपेक्षा आणि हायड्रोकार्बन दहा लाख भागांत ९,००० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकसाठी हीच मर्यादा साडेतीन टक्के आणि ६,००० भाग अशी ठरली. जुन्या गाडीने दर सहा महिन्यांनी ही परीक्षा द्यायची असते. आता ही परीक्षा ठिकठिकाणी कशी होते, हे वाचक जाणतातच. नळी सायलेन्सरजवळ नेली न नेली तोच कागद छापून येतो. आक्षेप घ्यायचा तर तो येथे घ्या. परीक्षक बदला, यंत्रे तपासा, मर्यादा आणखी खाली आणा. माझी येझदी त्या मर्यादेत बसली नाही तर ती मी स्वतः ढकलत घरी नेईन, मिस्त्रींना बोलावीन आणि बसत नाही तोवर रस्त्यावर आणणार नाही. परंतु परीक्षा ढिली आहे म्हणून परीक्षाच सोडून द्यायची आणि जन्माचा दाखला पाहून निकाल लावायचा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? निष्काळजीपणे वापरलेली आठ वर्षांची गाडी निर्वेध फिरते आणि सुस्थितीतील चाळीस वर्षांची गाडी अपराधी ठरते.

केंद्र सरकारच्या सेवकाला ह्या बाबतीत स्वतःच्या अनुभवाचा दाखला देता येईल. मूलभूत नियम ५६ (जे) खाली पन्नाशी-पंचावन्नीला आपल्या कामाचा आढावा घेतला जातो. त्या नियमाविषयी कचेऱ्यांतून काय बोलले जाते ते येथे लिहिण्याचे कारण नाही. पण त्यातही निदान सेवापुस्तक उघडले जाते, गोपनीय अहवाल वाचले जातात, माणूस उपयुक्त आहे की नाही याचा विचार करावा लागतो. यंत्राच्या वाट्याला एवढीही चौकशी येऊ नये?

ह्या दोन पक्षांखेरीज आणखी एक मंडळी आहेत. ती स्वतःला टू-स्ट्रोकचे भक्त म्हणवतात, आणि म्हणूनच त्यांचा निषेध अधिक स्पष्ट शब्दांत करावा लागतो. सायलेन्सरमधली जाळी काढून टाकून, रात्री अकरा वाजता निजलेल्या वस्तीतून कर्णकर्कश आवाज करीत जाणारी ही तरुण मंडळी. त्यांना वाटते, आवाज म्हणजे शक्ती. टू-स्ट्रोकमध्ये हे शब्दशः खोटे आहे. त्याचा सायलेन्सर ही केवळ आवाज दाबण्याची नळी नसते. बाहेर निसटू पाहणाऱ्या मिश्रणाला परत सिलेंडरकडे ढकलणारा दाब त्यातूनच उलटा येतो. जाळी काढली की तो हिशेब बिघडतो, पेट्रोल अधिक वाया जाते, धुरात न जळलेले पेट्रोल वाढते आणि कमी वेगात गाडी दुबळी होते. म्हणजे ही मंडळी यंत्राचा दोष वाढवतात, त्याला गुण समजतात, आणि स्मशान-पक्षाच्या हाती आयते कोलीत देतात. जुन्या गाडीचे शत्रू जितके परिवहन-भवनात आहेत, त्याहून अधिक तिच्या खोगिरावर बसलेले आहेत.

येथे एक सुज्ञ आक्षेपक पुढे येतो. तो म्हणतो, हे सगळे खरे. परंतु शहरातल्या पाच-सात मैलांसाठी आज विजेची स्कूटर मिळते. ती धूर सोडत नाही, आवाज करत नाही. मग तुमचा हट्ट हे निव्वळ स्मरणरंजन नव्हे काय? ह्या आक्षेपात तथ्य आहे. ज्याला दिवसाकाठी चाळीस-पन्नास किलोमीटर हिंडायचे आहे, घरोघर माल पोहोचवायचा आहे, त्याने विजेचीच गाडी घ्यावी. त्याच्या हाती मी जावा देणार नाही. पण ज्याचा प्रवास थोडा आहे, ज्याच्या दारी एक गाडी आधीच उभी आहे आणि जी नीट करता येते, त्याने ती मोडीत घालून नवी घ्यावी हा काटकसरीचा मार्ग आहे, हे मला कबूल नाही. नवी गाडीही खाणीतून, भट्टीतून आणि जहाजातूनच येते. तिचे पोलाद आणि बॅटरी यांचा धूर आपल्या गल्लीत निघत नाही एवढेच. आणि आणखी एक गोष्ट. टू-स्ट्रोकच्या गाभ्यात हलणारे भाग मुख्यतः तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. झडपा नाहीत, कॅम नाही, संगणक नाही. सर्वसाधारण बुद्धीचा माणूस एका रविवारी त्याचे डोके उघडून, काजळी खरवडून, पुन्हा बसवू शकतो. ज्या वस्तूची दुरुस्ती मालकाला कळते त्या वस्तूचा तो खरा मालक असतो. कळत नाही तेव्हा तो केवळ हप्ते भरणारा असतो. आपण घरातल्या किती वस्तूंचे मालक उरलो आहोत, याचा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा.

बदलीच्या नोकरीतल्या वाचकांना ह्या प्रश्नाची एक वेगळी बाजूही ठाऊक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यातले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवले तर तेथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर, जुन्या कराचा परतावा, आणि ह्या प्रत्येकासाठी खेटे. माझ्या एका सहकाऱ्याला वडिलांची राजदूत आणायची होती. एका कार्यालयाने त्याला सांगितले, “एवढ्या जुन्या गाडीचे कागद कोण शोधणार? विकून टाका.” त्याने विकली. २०२१ च्या सप्टेंबरपासून आपल्यासारख्यांसाठी ‘भारत मालिका’ सुरू झाली. ती आरंभी नव्या वाहनांपुरती होती; डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने साध्या नोंदणीच्या वाहनांनाही तिचे दार उघडले. ही सोय स्तुत्य आहे. परंतु वडिलांची मोटारसायकल घेऊन त्या खिडकीशी जाऊन उभे राहण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांना होते? आपण स्वतः फाइलींवर बसणारे लोक; समोरच्या खिडकीतून ‘विकून टाका’ असे उत्तर आले की त्यामागचा आळस आपण तात्काळ ओळखतो, आणि तरीही मान डोलावून परत येतो.

तेव्हा माझे म्हणणे तीन कलमांत सांगतो. पहिले: वाहनाचा निकाल त्याच्या धुरावर, ब्रेकवर आणि सांगाड्यावर लावावा, वयावर लावू नये, आणि ती तपासणी अशी कडक असावी की कागद विकत घेता येऊ नये. दुसरे: व्हिंटेज नोंदणीतली नित्य वापराची बंदी काढावी. हवे तर वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा घालावी; शहराच्या गर्दीच्या भागात काही तास प्रवेश नाकारावा; त्याला आमची हरकत नाही. तिसरे: औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ह्या जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीचा एक लहान वर्ग असावा. म्हैसूरच्या कारखान्यात शिकलेले हात आता साठी-सत्तरीचे झाले आहेत. क्रँक उघडून पुन्हा सरळ रेषेत बसवणे हे काम पुस्तकातून येत नाही. ज्याने कोणाच्या शेजारी बसून पाहिले त्यालाच ते येते. ते हात थांबले की देव्हारा-पक्षाजवळ रंगवलेले सांगाडे उरतील आणि त्यांतले एकही सुरू होणार नाही.

ह्या पक्षात येऊ इच्छिणाऱ्या वाचकास व्यवहाराच्या चार गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. गाडी घेण्याआधी रंग पाहू नये, कागद पाहावेत; नोंदणीपुस्तक, इंजिनाचा क्रमांक आणि सांगाड्याचा क्रमांक जुळत नसतील तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. पैसे आधी इंजिनाच्या तळावर, म्हणजे बेअरिंगवर आणि सीलवर खर्च करावेत, मग ब्रेकवर, मग दिव्यांवर. उरले तर रंगावर. तेल चांगल्या प्रतीचे, कमी धुराचे घ्यावे आणि मापानेच घालावे. त्यासाठी औषधाची बाटली पुरते. शहरातल्या थोड्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही आणि काजळी धरते, म्हणून आठ-पंधरा दिवसांतून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर न्यावे. म्हैसूरकरांना चामुंडीचा डोंगर त्यासाठी पुरेसा आहे. आणि मिस्त्री निवडताना जो पहिल्याच दिवशी किंमत सांगतो त्याच्यापेक्षा, जो आधी इंजिन ऐकतो त्याच्याकडे जावे.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही नियमात बसणार नाही. आपण परगावी राहतो ते पाहुण्यासारखे. तीन वर्षे, पाच वर्षे. घर भाड्याचे, शाळा मुलांची, ओळखी कचेरीतल्या. त्या शहराची बाजारपेठ, तिची बोली, तिच्या कारागिरांची गल्ली आपल्याला अखेरपर्यंत परकी राहते, कारण आपल्याला तिथल्या कोणाकडून काही नीट करून घ्यावे लागत नाही. जे बिघडते ते आपण बदलतो. जुनी गाडी चालवणाऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याला सीलसाठी एकाकडे, बोअरसाठी दुसऱ्याकडे, प्लगसाठी तिसऱ्याकडे जावे लागते, त्यांच्या भाषेत बोलावे लागते, त्यांच्या चहाला बसावे लागते. दोन वर्षांत मला जेवढे कन्नड आले त्यातले निम्मे ह्याच गल्लीत आले. ज्यांना हे नको असेल त्यांनी खुशाल देव्हारा सजवावा किंवा भंगारवाल्याला बोलवावे. परंतु त्या दोन्ही मार्गांना ‘प्रगती’ किंवा ‘वारसा’ अशी मोठी नावे देऊ नयेत. चालणारे यंत्र थांबवणे ही साधी गोष्ट आहे, आणि तिचे साधे नाव आपल्या भाषेत आहे: हयगय.